खराब निघालेला रोल

रवि. ७ ऑक्टो. २००१
अधिक महिना चालू. शुभकार्याची बोलणी वर्ज्य. पण फोटोवाला शोधणं शुभकार्यात मोडत नाही, बाजारहाटात मोडतं, असा निर्णय आज सौ.नी दिला. आधार विचारला नाही. माझ्याकडे नुसतं संस्कृत आहे, त्यांच्याकडे मत आहे.
मेधाचं लग्न नऊ डिसेंबरला. हॉल झाला, आचारी झाला, गुरुजी झाले. फोटो आणि व्हिडिओ तेवढे राहिलेत. मी यादी करायला वही उघडली, तर सौ.: "तुम्ही यात पडू नका. एकदा पडला होतात."
पडलो होतो खरा. १९७४च्या मे महिन्यात, आगाशीला सासऱ्यांच्या वाडीत आमचं लग्न झालं. त्याचा एकही फोटो नाही. फोटो काढायला मनोहर होता, माझा शाळेपासूनचा मित्र, मीच ठरवलेला. रोल खराब निघाला.
आमचे दोघांचे फोटो गेले त्याचं सौ.ना काही नाही. सासरे, तात्या, जन्मात कॅमेऱ्यापुढे उभे राहिले नव्हते. फोटोने आयुष्य घटतं म्हणायचे. त्या दिवशी लेकीने हट्ट धरला म्हणून फेटा बांधून खुर्चीत बसले. एकच फोटो. त्याच श्रावणात तात्या गेले. केळीत काम करता करता.
सत्तावीस वर्षं मनोहरचं नाव या घरात निघत नाही.

मंगळ. ९
शाळा सुटल्यावर स्टेशनजवळच्या व्हिडिओवाल्याकडे. सौ., मेधा, मी. दोन जिने. गुडघ्यांची तक्रार नोंदवून ठेवतो, वाचणारा कुणी नाही तरी.
"बसा काका, डेमो बघा." टीव्हीवर कमळ उमललं, त्यातून नवरी निघाली. नवरा ढगातून आला. मग एक चौकोनी डबा फिरू लागला, प्रत्येक बाजूला एकेक व्याही. व्याही एरवीही फिरतात, पण इतक्या शिस्तीत नाही.
"कन्यादानाचे दोन टेक घेऊ. पाणी परत सोडायचं."
मी म्हटलं, "एकदा दिलेली मुलगी परत घ्यायची आणि परत द्यायची?"
"सगळे देतात काका. पहिल्या टेकला बाप रडतो, तोंड वाकडं येतं. दुसऱ्याला मस्त हसरा येतो."
मेधाने ओढणी तोंडाला लावली. सौ. मात्र उठल्याच. "माणूस रडला तर रडलेला यायला नको का?"
जिना उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तात्या रडले होते. किती, ते आता मलासुद्धा नीट आठवत नाही."
मला आठवतं.

शुक्र. १२
शाळेत सहामाहीचे पेपर. नववीच्या एका विद्वानाने रामाला स्त्रीलिंगी चालवलाय. चालव बाबा.
आमच्या सोसायटीत टँकरवरून बादल्यांची लढाई. ठाण्याच्या पेपरला चौदा ओळी पाठवल्या होत्या, आज दोन छापून आल्या. वीस वर्षांच्या वार्ताहरकीत एवढंच शिकलो, की कुठलीही गोष्ट दोन ओळींत बसते.
तर आज स्वतःपुरती एक बातमी. आगाशी, मे १९७४ (आमच्या वार्ताहराकडून): मनोहरचा रोल खराब नव्हता. नवऱ्या मुलाने कॅमेरा उघडला.
बसली दोन ओळींत.
उरलेल्या बारा. मनोहर जेवायला पंगतीत बसला होता. कॅमेरा माझ्याकडे सांभाळायला दिलेला. तेव्हा नुकताच एम. ए. झालो होतो, न्यायशास्त्र घेऊन. डोक्यात प्रमाणं भरलेली. डोळ्यांनी दिसेल ते प्रत्यक्ष, बाकी सगळं अनुमान. चित्रं आत आली आहेत याला प्रमाण काय? मांडवाबाहेर भर उन्हात मागचं झाकण उघडलं आणि बघितलं. करडी पट्टी. चित्र एकही नाही. म्हणून आणखी नीट बघितलं.
मनोहर उष्ट्या हाताने धावत आला. झाकण मिटलं. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मांडवात जाऊन सांगितलं, "रोल खराब निघाला. माझी चूक."
मी मुंडावळ्या सावरत उभा.

रवि. १४
भुईगावला. एसटीतून उतरून वाड्यांमधल्या गल्लीतून चालत. मेधाच्या बँकेतल्या मैत्रिणीने सांगितलेला फ्रान्सिस म्हणून व्हिडिओवाला. घरच्यांनी शहाळी दिली. बोलणं आधी वेलची केळ्यांवरून झालं, त्यामुळे सौ. खूश. वाडीवाल्यांची लेक.
त्याने मेहुणीच्या लग्नाची कॅसेट लावली. कमळ नाही, ढग नाही. एक म्हातारी चर्चच्या बाकावर बसून जपमाळेचे मणी सरकवतेय, कॅमेरा तिच्या बोटांवर नुसता थांबलाय. सौ. पुढे सरकून बसल्या.
"असंच करा आमच्याकडे," म्हणाल्या. "आणि कन्यादान एकदाच."
"एकदाच, बाई. डिसेंबरात मी रिकामाच असतो. आमचा नाताळाआधीचा आगमनकाळ, लग्नं लावत नाहीत."
तर व्हिडिओ ठरला. मी मनात हुश्श म्हणतोय तोच मेधाने विचारलं, "आणि फोटो?"
"फोटो मी नाही करत. आगाशीच्या मनोहरकाकांना घ्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. चेहरा त्यांच्यासारखा कुणाला येत नाही."
शहाळ्यातलं पाणी संपलेलं असूनही मी पीत राहिलो.
सौ. म्हणाल्या, "त्यांचे रोल खराब निघतात."
फ्रान्सिसला कळेना. "काकांचे? रोलला हात लावायच्या आधी आम्हाला साबणाने हात धुवायला लावायचे. कुठल्या लग्नात?"
"माझ्या."
परतीच्या वाटेवर मेधा म्हणाली, "आई, सत्तावीस वर्षं झाली गं."
"तात्यांना किती झाली?"


बुध. १७
घटस्थापना. दुपारी एकटाच आगाशीला. घरी सांगितलं, बातमीसाठी जातोय. खोटंही नव्हे.
मनोहरचं दुकान बाजाराच्या मागे. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप, आणि गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देणं. भिंतीवर सगळी आगाशी टांगलेली. लग्न एकही नाही. त्या सालानंतर गावात त्याला लग्न मिळालं नाही. भुईगाव, निर्मळकडे मिळायची, गावात नाही. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि भिंत बघणं यात फरक आहे. प्रत्यक्ष.
"ये रे पंडित. लेकीचं लग्न म्हणे. फ्रान्सिसने सांगितलं."
चहा आला. मी विचारलं, तेव्हा का बोलला नाहीस.
"नवा जावई तू. पहिल्या दिवशी सासरी हसं झालं असतं, जन्मभर पुरलं असतं. मला काय, मी पंगतीतला माणूस. म्हटलं, आठ दिवसांत तू सांगशील."
आठ दिवस.
"आता सांगतो," मी.
"सांग की. तुझ्या घरी तू सांग. माझ्या तोंडाने नको. मात्र वहिनींनी समोर येऊन विचारलं, तर या वयात मी परत खोटं बोलणार नाही. आणि लग्नाला येईन तो वहिनींनी बोलावलं तर. तू बोलावून नाही."
मग खणातून एक पाकीट काढलं. रोलचे बाहेरचे वेढे उन्हाने जळले होते, आतली पहिली चार चित्रं थोडी वाचली होती. एक तात्यांचं. डावी बाजू सगळी पांढरी. उजवीकडे फेटा, एक डोळा, अर्धी मिशी. डोळ्यात पाणी स्पष्ट दिसतं.
म्हटलं, हे एवढी वर्षं तू—
"दोनदा घेऊन आलो होतो तुझ्याकडे. वहिनींनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा तू आतल्या खोलीत वाचत होतास. मला दिसत होतास."
काय वाचत होतो, तेही आठवतंय. लिहीत नाही.

गुरु. १८
पाकीट संस्कृत कोशात ठेवलंय. घरात तो जड ग्रंथ माझ्याशिवाय कुणी उचलत नाही. आज चारदा उचलला. मेधा: "बाबा, एवढा कुठला शब्द अडलाय?"
नुसतं पाकीट दिलं तर सौ. पहिला प्रश्न हा करणार की हे होतं कुठे. दुसरा, मग रोल खराब होता ना. तिसऱ्या प्रश्नापर्यंत मी टिकत नाही.

रवि. २१
मेधा परस्पर आगाशीला जाऊन आली. मनोहरकडून स्वतःचा एक फोटो काढून आणला, कृष्णधवल. कोण आहे ते त्याला सांगितलं नाही म्हणे. त्याने विचारलंही नाही, फक्त म्हणाला, "मान जरा उजवीकडे. हां, तुझ्या आजोबांसारखी." म्हणजे ओळखलंच.
फोटो तिने गुपचूप आईच्या पोळपाटाशेजारी ठेवला. सौ.नी पिठाचे हात पुसले. फोटो खिडकीपाशी नेला. बराच वेळ.
"कपाळ तात्यांचं आलंय हिचं. मला कधी दिसलं नव्हतं."
मग पोळ्या. शेवटच्या पोळीला: "दसरा होऊन जाऊ दे. पुढच्या रविवारी जाऊ त्यांच्याकडे. मीच सांगेन फोटोचं. फक्त एक विचारणार आहे त्यांना. त्या दिवशी नक्की झालं काय, ते मला कुणी धड सांगितलंच नाही."
मेधा मला टाळी द्यायला आली. दिली.

शुक्र. २६
दसरा. बेत असा होता, की आपट्याची पानं देताना सांगून टाकायचं. सण आहे, हाताला हात लागतो, माणूस रागवायला कचरतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं मनात मांडून ठेवलेलं.
पानं दिली. हात सोडेना मी, तर सौ. हसल्या. "काय हो, काही म्हणायचंय का?"
"चहा," म्हटलं.
केला बिचारीने.
संध्याकाळी टँकर आला नाही. तेवढीच बातमी पाठवली.

रवि. २८
दहाची एसटी. सौ. लवकर उठल्या, लग्नातलं मोतिया पातळ बाहेर काढलं, परत ठेवलं, साधं नेसल्या. वाडीतून आलेली केळी मनोहरला द्यायला पिशवीत भरली. म्हणाल्या, "मी त्यांना दारातून परत पाठवलं होतं एकदा. दोनदा असेल. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माणूस काहीतरी द्यायलाच आला होता बहुतेक. हातात पाकीट होतं."
मी वर्तमानपत्र धरून. उलटं नव्हतं, एवढं पाहिलं.
मेधा रिक्षा बघायला खाली गेलीय. मनोहर दुकान उघडून बसला असेल. तो बोलावणार नाही, खोटंही बोलणार नाही. मला एसटीत सांगता येणार नाही, तिथे उभ्याने लोक ऐकतात. दुकानात मनोहरने सांगितलं, तर मी परत एकदा मुंडावळ्या सावरत उभा.
आठ दिवस धरले होते त्याने. मी घेतले सत्तावीस वर्षं आणि वर एक दसरा.
कोश उघडला. पाकीट काढलं. तात्या एका डोळ्याने बघतायत, माझ्याकडेच. फोटो पाकिटाबाहेर, सुलटा, टेबलावर ठेवला. त्याआधी मागे पेन्सिलने एक ओळ लिहिली, कॅमेरा मी उघडला. दोन लागल्या नाहीत. वर सौ.चा चष्मा ठेवला.
स्वयंपाकघरातून: "अहो, माझा चष्मा कुठे गेला?"
"टेबलावर आहे," म्हटलं.