बाजाराच्या भिंतीवरचा कागद

म्हैसूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप आईच्या पायांवर नागोजीचं डोकं.

मी खुशाल आहे. खानावळीतलं सारू, म्हणजे इकडची आमटी, पातळ असतं, पण पोट भरतं. तुझे गुडघे कसे आहेत? धाकट्या वनजाचा खोकला थांबला का?

इथे प्लेग आहे, पण आमच्या गल्लीत अजून नाही. मला मात्र माझ्या या सरकारी कचेरीची किळस आलीय. घरात उंदीर मेला की त्याच दिवशी घर सोडा, अशी सूचना आम्ही बाजाराच्या भिंतीवर लावली, तीही इंग्रजीत! मी म्हणालो, कानडीत दवंडी पिटू या. अंमलदार हसले. "कागद लागला ना? मग आपलं काम झालं."

त्या भिंतीखाली अंबुजा फुलं विकते. कागदावर महाराजांचा दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याचा छाप बघून ती रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावून शेवंतीचं फूल वाहायची. घरात उंदीर मरून पडत होते, ते झाडून टाकायची. परवा तिची सून प्लेगनं गेली. काल तिनं मला विचारलं, "स्वामी, यात लिहिलंय तरी काय?" मी सांगितलं. ती ओलं फडकं घेऊन कागदावरचं कुंकू पुसत बसली.

अंमलदारांपेक्षा मला माझीच शिसारी येते. तो कागद मीच लिहिला होता, छान वळणदार अक्षरात.

आई, वाचता तर तुलाही येत नाही. फत्तेसिंगमामा, पुढची ओळ आईला मोठ्यानं दोनदा वाचून दाखवा: घरात मेलेला उंदीर दिसला, तर भांडीकुंडी तशीच टाकून त्याच दिवशी मळ्यात राहायला जा.

तुझा नागोजी