‘न्युंबानी’वरचा ढोल

तुकुयू, सोमवार

आदरणीय मेव्हणे अंबाकिस्ये यांस लुगानोचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, वहिनींची तब्येत आणि दारेसलामच्या उकाड्यातला तुमचा पंखा, तिन्ही ठणठणीत असोत. इकडे पाऊस आहे, केळी आहेत, तुमची बहीण तुसा बरी आहे आणि गुडघा सोडला तर सासूबाई खणखणीत आहेत. मी मात्र बरा नाही. बावीस वर्षं चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर असलेला माणूस अकरा वृंदांत अकरावा आला, तर त्याने कुठल्या तोंडाने बरं असावं?

झालं असं. स्पर्धेत यंदाही सगळ्यांना एकच सक्तीचं गाणं होतं. कागद आला, त्यावर कर्त्याचं नाव नाही (लाज वाटली असावी). गाणं घरी परतण्याचं, म्हणून ‘न्युंबानी’ हा शब्द दर ओळीला. आता आपण बोलताना जोर कुठे देतो? शेवटून दुसऱ्या अक्षरावर, इथे ‘बा’वर. बाजारात टोमॅटो विकणारी बाई चुकत नाही, बोबडं पोरही चुकत नाही. या महाभागाने ढोलाचा ठोका घातला पहिल्या अक्षरावर, आणि शेवटचं ‘नी’ इतकं ताणलं की आमच्या म्हाताऱ्या गायिकांचा श्वास तिथेच संपायचा. सरावात बायकांचे चेहरे बघवेनात. आमचा ढोलवाला ग्वाकिसा म्हणाला, “मास्तर, हे लोक घरी चाललेत की यांना घरातून हाकललंय?”

मग मी ठोका अर्ध्या मात्रेने पुढे सरकवला आणि ते ‘नी’ छाटलं. बस, एवढाच माझा गुन्हा. तुसाने बजावलं होतं, “कागदाला हात लावू नका. तिथे कागदाला बक्षीस देतात, कानाला नाही.” (बायकोचं ऐकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा जुना रोग.) आम्ही गायलो तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायका आनंदाने हुलुलु करत उभ्या राहिल्या. परीक्षक तेवढे बसून होते. टाय लावलेला तो गृहस्थ मान खाली घालून कागदावर पेन्सिल फिरवत होता, आणि जिथे जिथे गाणं माणसासारखं बोललं तिथे तिथे गुण कापत होता. बस पंक्चर झाल्याने जो वृंद निम्माच आला, तोही आमच्या वर लागला! मला याचा संताप येतो आणि रडूही येतं. आता रविवारी चर्चच्या वडीलधाऱ्यांची बैठक आहे. आरोप उर्मटपणाचा. वृंद माझ्याकडून काढून ग्वाकिसाच्या मेहुण्याला द्यायचं घाटतंय, आणि त्याला सूर आणि शिंक यांतला फरक कळत नाही.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
लुगानो

ता. क. गाण्याचा कर्ता मी पहिल्याच ओळीला ओळखला होता. असा ठोका जगात एकच माणूस घालतो. आमच्या लग्नात नवरीचं नाव तुम्ही असंच भलत्या अक्षरावर ठोका देत गायलात, तुसा ते अजून विसरलेली नाही. तर मेव्हणे, रविवारच्या आत दोन ओळी लिहून द्या, “ढोल सरकवायला मीच सांगितलं होतं.” खाली गाण्याचा कर्ता म्हणून तुमची सही. वरचं सगळं रागाच्या भरात लिहिलंय. खोडत नाही, कारण खरं आहे.

आणखी एक. सासूबाई पहिल्या बाकावर होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी पांघरलेल्या कांगाच्या टोकाने डोळे पुसले आणि कुणी रचलं म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाल्या, “नऊ वर्षं फिरकला नाही, पण माझा अंबा अजून आपल्यासारखंच बोलतो हो!” आता हेच रोज शेजारणींना सांगत असतात. ठोका कुणी सरकवला, ते मी सांगितलेलं नाही. तेव्हा ती चिठ्ठी पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. आणि दारात आईला हाक मारण्याआधी ठोका कुठे पडतो ते जरा आठवून घ्या.