पासष्टीपर्यंतची पुंजी

४ ऑगस्ट
बीपी वाढलंय. गंगाखेडच्या डॉ. राजेश्री मॅडमनी आज पक्कं सांगितलं. रोज एक गोळी, लोणचं बंद. एवढंच, पण हसून म्हणाल्या. डॉक्टर हसले की समजून घ्यावं.
आमच्यात पासष्टी कुणी पाहिली नाही. वडील चौसष्टला गेले. मी एकसष्ट. उरली तीन वर्षं, तीही उदारपणे धरून. आणि रिटायरमेंटचे पैसे एफडीत, व्याजावर घर! हे शंभर वर्षं जगणाऱ्याचं प्लॅनिंग. निर्णय: एफडी मोडायची. निम्मे बायकोसाठी, सरजाबाईसाठी.

५ ऑगस्ट
बायकोला सांगितलं. म्हणाली, "आयुष्य तुमचं संपायलंय, माझं न्हाई. मागं मी काय खाऊ?" भावनेच्या भरात बोलली.

१२ ऑगस्ट
एफडी मोडली. बँकेतला धम्मानंद म्हणाला, "काका, थोडी तरी राहू द्या. माणूस जगतो कधीकधी." पोरगं अजून कच्चं आहे.

२० ऑगस्ट
सेकंडहँड जीप घेतली. सरजाबाईच्या निम्म्याला थोडा हात लावावा लागला. परत ठेवणार.

२ सप्टेंबर
ड्रायव्हिंग जवळजवळ आलं. फाटक मोडलं. जीपचाही दिवा गेला. दुरुस्ती सरजाबाईच्या हिश्श्यातून.

२१ सप्टेंबर
मित्रांना निरोपाचं मटण. मुंजाजीच्या डोळ्यांत पाणी. रस्सा तिखट झाला म्हणतो, मन लपवतो. हिश्श्यात आता फारसं नाही. परत ठेवण्याचा विचार कायम.

११ ऑक्टोबर, दुपार
राणीसावरगावहून सुलाआत्या मला शेवटचं बघायला आली. नव्वदीची, एसटीतून एकटी उतरली. वडिलांचा विषय निघाला. म्हणाली, "आरं दत्त्या, चौसष्ट कशाचे? नोकरीसाठी कागदावर पंधरा वर्षं कमी लावली त्यानं. ऐंशीला टेकला हुता!"
आजोबांचं विचारलं. "त्याचं तर कुणी मोजलंच न्हाई. लय दिवस हुता बाबा."
सरजाबाईनं जीपची किल्ली उचलून कनवटीला लावली. हे वाईट.

१३ ऑक्टोबर
बीपी नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, असंच राहिलात तर नव्वदी गाठाल. विचारलं, थोडं कमी नाही का होणार? पुन्हा हसल्या.

१५ ऑक्टोबर
जीपला गिऱ्हाईक आलं. निम्म्या किमतीत मागतंय. देणार.
सोमवारपासून मुंजाजीच्या बियाणांच्या दुकानात हिशेब लिहायला बसायचं. पगार बेताचा, पण वयाची अट न्हाई, म्हणाला. सरजाबाई डबा देणार आहे. पगार मात्र थेट तिच्या हातात जाईल. त्या दोघांचं तसं ठरलंय.