तिसऱ्या वाफ्यात काही नाही

॥ श्री ॥
भाईंदर (प.), ६ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिता हिस दत्ताकाकाचा आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र.

आपल्याकडच्या बंद मिठागरावर सोलर पॅनेल लावायच्या प्रकल्पाचा तुमच्या ऑफिसने केलेला पर्यावरण अहवाल वाचला. पान एकेचाळीस. तिसऱ्या वाफ्यात पक्ष्यांची वीण होत नाही, जागा पॅनेलसाठी योग्य. खाली तुझी सही! आठ वर्षांची होतीस तेव्हा त्याच वाफ्यात तुला शेकाट्याची चार अंडी दाखवली होती. बांधावर चपला काढून माझ्या पावलात पाऊल ठेवत आली होतीस. लांब तांबड्या पायांचे ते पक्षी डोक्यावर ओरडायला लागले तशी रडलीस. पुण्याच्या ऑफिसात बसून हे सगळं विसरलीस?

उन्हाच्या विजेशी माझं भांडण नाही. आमच्या गच्चीवरही पॅनेल आहे, तुझी काकू त्यावर पापड वाळवते. शांती नगरच्या गच्च्या उघड्या पडल्यात, तिथे लावा की! पण अंडी चिरडायची आणि वर तिला हिरवी वीज म्हणायचं, याची मला शिसारी येते. १५ मार्चला जाहीर सुनावणी आहे. त्याआधी सही मागे घे.

लोभाचं काय ते तुझं उत्तर आल्यावर बघू.
दत्ताकाका

पुणे, १४ फेब्रुवारी

ती. दत्ताकाकांस रुचिताचा सा. न.

पत्र वाचलं आणि त्या दिवशी जेवले नाही. आता माझं ऐका.

आमची माणसं डिसेंबरात पाहणी करून गेली. तेव्हा वीण नसते हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून तर मी फोन करून उन्हाळ्याच्या नोंदी मागितल्या. तुम्ही ऐटीत म्हणालात, पक्षिमित्र मंडळाला दरवर्षी याद्या देतो, त्या डोळे मिटून घे. घेतल्या. तेरा वर्षं, एप्रिल ते जुलै, तिसऱ्या वाफ्यापुढे तुमच्याच वळणदार अक्षरात 'काही नाही'. मला ती चार अंडी आठवत होती, काका. वाटलं, पक्षी जागा सोडून गेले. वाईटही वाटलं.

मी कोणाच्या खिशात बसलेली नाही. तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच केलं. त्या याद्या खोट्या आहेत का, ते सरळ सांगा.

काकूला नमस्कार. चिडले आहे, तरी तुमचीच,
रुचिता

भाईंदर, २० फेब्रुवारी

चि. रुचिता हिस आशीर्वाद.

हो, खोट्या आहेत.

२०११ साली यादीत खरी जागा लिहिली, तर पुढच्या रविवारी सतरा कॅमेरे हजर. फोटो नीट यावा म्हणून एका शहाण्याने घरट्याच्या आडोशाचं गवत कापलं. दुपारपर्यंत कावळ्यांनी अंडी नेली. तेव्हापासून मंडळाच्या यादीत 'काही नाही' आणि खरी नोंद देव्हाऱ्याखालच्या वहीत. ती तुझ्या काकूलाही दाखवली नाही. तू फोन केलास तेव्हा कशासाठी हव्यात हेसुद्धा विचारलं नाही, सवयीने त्याच याद्या घे म्हणालो. पुतणी आपल्या नोंदी मागते, याच आनंदात होतो गाढव!

तुझ्यावर काढला तो राग माझा मला परत दे. वही घेऊन सुनावणीला जातो.

दत्ताकाका

भाईंदर, १७ मार्च

चि. रुचिता हिस अनेक आशीर्वाद.

सुनावणीत कंपनीच्या माणसाने हसत विचारलं की तेरा वर्षं खोटं लिहिणाऱ्याची ही वही तरी खरी कशावरून. मंडळाच्या सुचेताताई वीस वर्षं माझ्याबरोबर चिखल तुडवत आल्या, त्या माझ्याकडे न बघता उठून गेल्या. मग तू सही मागे घेतल्याचं आणि मे महिन्यात नवी पाहणी मागितल्याचं पत्र वाचलं गेलं. निर्णय तोवर थांबलाय.

आता जागा सगळ्या गावाला कळली. काल बांधावर नऊ कॅमेरे होते. अंडी अजून यायचीत, आणि पत्ता मीच दिलाय. रोज सकाळपासून काठी घेऊन बसतो. कंपनीवर चिडतो, कॅमेरेवाल्यांवर चिडतो, सगळ्यात जास्त त्या वळणदार अक्षरावर.

तुझी नोकरी राहिली तर मे महिन्यात रजा काढून ये, नाही राहिली तर तशीच ये. चपला बांधावर काढ. या वेळी तू पुढे हो, मी तुझ्या पावलात पाऊल ठेवत येईन. मोजशील तू आणि लिहिशीलही तूच. माझ्या हातचं आता कोणी खरं मानत नाही.

राग विसरू नकोस, पण लोभ त्याच्याहून मोठा ठेव.
तुझा दत्ताकाका