गणितासाठी एक वर्ष

मंगळ. १ जुलै
सायलीचं नाव एम.एस्सी. फिजिक्सच्या यादीत लागलं. मुंबई. सीट पक्की करायची मुदत शुक्रवार ११, सायं. ५. दोनदा वाचलं. पोरगी जेवताना म्हणाली, "बाबा, एक वर्ष थांबू का? महाडच्याच कॉलेजात गणितसुद्धा मेजर करते. मग एम.एस्सी."
बघू म्हटलं. मला 'बघू' म्हणायची सवय नाही.

गुरु. ३ जुलै
कॉलेजचं परिपत्रक मागवलं. चार पानं. दुसरा मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेता येतो. एका वर्षात पुरा होतो असं कुठंही नाही. तिला बोट ठेवून दाखवलं. "कॉलेजचे सर म्हणाले, एका वर्षात बसवू." बसवू म्हणजे काय? मुंबईवाले सीट राखून ठेवत नाहीत, हे मात्र स्पष्ट.
मी आठवी शिकलेला. वाइंडिंग, म्हणजे मोटरीत तांब्याची तार भरणं, कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उघडून शिकलो. पोलादपूर बाजारात मी भरलेली मोटर परत येत नाही. पण हे…

शनि. ५ जुलै
वाडीच्या मुंबई मंडळाचे अनंतदादा, फोन. गणपतीत गुणगौरव आहे. "बॅनर दिला रे छापायला. वाडीतली पहिली एम.एस्सी."
अजून प्रवेश कुठाय, म्हटलं.
"जातेच हाय ना ती? आन् नाव तूच धाडलंस."
खरं आहे. यादी लागल्यावर तासाभरात. ऱ्हस्वदीर्घ तपासून. तिला विचारायचं राहिलं.
सौ. म्हणाली, "घाई कोनी सांगितली होती? आता पांघरा तो बॅनर."

मंगळ. ८ जुलै
गिरणीची मोटर भरत होतो. सायली दुकानात आली. तारेचे वेढे बघत उभी राहिली.
"बाबा, एक वेढा चुकला तर त्याच्यावर पुढचे भरता तुम्ही?"
नाही. उकलतो.
"माझं गणित तसंच झालंय. पास झाले, समजलं नाही. तिकडं सगळं त्याच्यावरच."
म्हटलं, मोटर थांबते, सीट थांबत नाही.
"म्हणून तर विचारते. तुम्ही सांगाल ते करीन."
भांडली असती तर बरं झालं असतं. घरातलं सगळं आजवर मीच ठरवलं, कुणी विचारत नव्हतं तेव्हा.

बुध. ९ जुलै
तिचं गणिताचं पुस्तक उघडलं. चौथ्या पानावर अडलो. तीनदा वाचलं. ती मागं उभी. "मीपण इथंच अडते." खरं की माझी लाज राखली, कळलं नाही.
सौ.: "थांबली का वर्षभर, स्थळा येतील दारात. नाय म्हनता म्हनता दमाल."
हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

शुक्र. ११ जुलै
दोन कागद. सीटचं हमीपत्र, महाडला सायबर कॅफेतून चढवायचं. दुसरा महाडच्या कॉलेजचा, गणितासाठीचा अर्ज. पालकाची सही दोन्हींवर.
"काय ठरवलंत?"
म्हटलं, मला कळत नाय गो.
तिच्यासमोर हे कधी बोललो नव्हतो. ती नुसतं "बरं" म्हणाली. दोन्हींवर सह्या केल्या, कुठला द्यायचा ते तूच ठरव म्हटलं. एकावर तालुका महाड पडला होता, खोडून पोलादपूर केलं, बाजूला पुन्हा सही. दोन्ही कागद पिशवीत घालून ९.४०च्या एस.टी.नं गेली.
दु. २. तिचा फोन नाही.
४.१०. गिरणीवाला मोटर घेऊन गेला. पावतीवर तारीख चुकली, त्यानंच दाखवली.
४.३५. मुदतीला पंचवीस मिनिटं. फोन हातात घेतला, ठेवला. आता नुसतं 'जेवलीस का' विचारलं तरी तिला ते काय कर ते सांगितल्यासारखं वाटेल.