बारा टेबलांची कमळं

रविवार, १४ डिसेंबर १९९७
सोसायटीची मीटिंग. एकतीसला टेरेसवर पार्टी, बारा टेबलं. सेक्रेटरी टिपणीसांनी विचारलं, टेबलांवरची सजावट कोण करणार? माझा हात वर गेला. टिपणीस म्हणाले, वा, फ्रूटवाले करतायत. मिनिट्समध्येही तेच लिहिलं.

सानपाड्यात येऊन दोन वर्षं झाली. वाशी मार्केटात फळांच्या गाळ्यावर मी हिशेब लिहितो, फळं विकत नाही. पण शहाजी निकम हे नाव या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तोंडात नाही. फार लागतं मनाला. एकतीसनंतर असेल.

संकल्प: बारा कागदी हंस. रोज एक. आरामात.

मंगळवार, १६
सफरचंदं गुंडाळायचा जांभळा कागद गाळ्यावरून आणला. शेटना विचारूनच. मऊसूत माल. जिन्यात टिपणीसबाई म्हणाल्या, क्रेप पेपर घ्या, मी दाखवते कसं करायचं. नम्र नकार. अशा गोष्टी अंगात असाव्या लागतात.

शुक्रवार, १९
हंस: शून्य. मान उभी राहत नाही. दोष कागदाचा. शिवाय आपल्याकडे हंस पाहिलाय कुणी? कमळं करणार. कमळाला मान नसते.

रविवार, २१
तीन कमळं! राजलक्ष्मीने विचारलं, एवढे कोबी कशाला? बायको कोरेगावची, मीही कोरेगावचा, पण नजरेत फरक पडतो. मग म्हणाली, अवो, रंग सुटतोय ह्याचा, माझा ओटा बघा. मी म्हटलं, टेबलं कोण चाटणार आहे?
बोटं जांभळी झालीत. साबणाने जात नाही. कलावंताची खूण.

गुरुवार, २५. सुट्टी
आज उरलेली नऊ संपवायचीच. जेवून डिझाइनचा विचार करायला आडवा झालो. साडेपाचला विचार संपला. चहा.

मंगळवार, ३०
झाली बारा! पाकळ्या जरा पसरतात, म्हणून घरातल्या स्टीलच्या वाट्यांत बसवली. राजलक्ष्मी म्हणाली, आता आमटी कशात वाढू? मोठ्या कामात घरच्यांना थोडं सोसावं लागतं.

बुधवार, ३१. संध्या. ६.३०
शेवटचा टच म्हणून कमळांवर गुलाबपाणी शिंपडलं. वास फर्स्टक्लास. कमळं मात्र खाली बसली. आता घडी घातलेल्या कागदासारखी दिसतात. हरकत नाही, टेरेसवर लाल-निळे बल्ब आहेत. टिपणीस भाषणात आभार मानणार. नाव चुकू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलंय.

गुरुवार, १ जानेवारी १९९८. सकाळी ८.३०
पावभाजी होती. केटरर पेपर नॅपकिन विसरला.

पहिली पाकळी टिपणीसांनीच उचलली. हात पुसले, मिशी पुसली आणि म्हणाले, सोय छान केलीय हो, वाससुद्धा आहे. मग बाराही टेबलांवर सुरू झालं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं, पण कौतुक चाललं होतं ना! दोन वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघून हसत होते. तीन जणांनी तर आणखी आहेत का म्हणून विचारलं.

मग ग्रुप फोटोसाठी कुणीतरी ट्यूबलाइट लावली.

टिपणीसांची पांढरी मिशी जांभळी. बाईंच्या मोतिया साडीचा पदर जांभळा. एकूण चौऱ्याऐंशी तोंडं, लहान मुलं धरून. भाषण झालं नाही.

राजलक्ष्मी आत्ता दूध घेऊन आली. म्हणाली, खोबरेल झालं, लिंबू झालं, रॉकेलसुद्धा झालं, कुणाचंच निघालेलं नाही. आणि आज सगळ्यांची ऑफिसं चालू आहेत. मी रजा टाकलीय. लाज वाटतेय, खोटं कशाला लिहू?

८.५०
मघापासून बेल वाजतेय. उघडलेलं नाही. बाहेर जिनाभर माणसं आहेत, आणि टिपणीस ओरडतायत, शहाजी निकम, दार उघडा. मागून बाकीचेही तेच ओरडतायत. पूर्ण नाव. एकाचंही चुकत नाहीये.