गाजरगवतावर जमलेली सोयरीक

प्रिय पायल,

जयभीम. आत्या कागद घेऊन बसली म्हणजे फोनवर बोलण्यासारखं काही नाही, हे तू ओळखलंच असशील. घरातला फोन हल्ली तुझ्या बापाच्या, भारतच्या, खिशात असतो, आणि मी बोलायला लागले की त्याला नेमकं तिथंच काम निघतं.

तर तुला बघायला, म्हणजे तू नसताना तुझं घर बघायला, परतूरचे पाहुणे येऊन गेले. मुलगा कल्याण, बाप रामराव, आई उषाबाई. कल्याण उपग्रहावरून जमिनी तपासणाऱ्या कुठल्याशा कंपनीत आहे. दिसायला बरा आहे. तोंड उघडेपर्यंत मलाही आवडला होता. आपल्याकडं पाहुणे आले की गोठा बघतात, विहिरीत वाकून पाणी बघतात. भारत रीतीप्रमाणं म्हणाला, चला, शेत दाखवतो. तर हा कल्याण पाय न हलवता म्हणतो, "शेत बघूनच आलोत मामा. वरून." आणि मोबाइलवर आपल्या वाटूरचं रान काढून दाखवलं. पोरगी बघायच्या आधी आभाळातून तिच्या बापाचं शेत चाचपणारी जात मी पहिल्यांदाच पाहिली. त्या चित्रात जोमाचं पीक म्हणे लाल दिसतं. मी विचारलं, हिरव्याला लाल म्हणायचा पगार किती मिळतो? उषाबाईला ते बिलकुल रुचलं न्हाई.

आता पुढचं ऐक. चित्रात सगळ्यात लालभडक कुठला तुकडा, तर आपला वरचा. रामराव तर खुलूनच गेले. "वरच्या तुकड्यात सोनं पिकवलंय तुम्ही, भारतराव!" पायल, तिथं यंदा तुझ्या बापानं पेरलेलंच नाही. गाजरगवत आहे, ज्याला काँग्रेस म्हणतात ते, माणसाच्या छातीला लागेल एवढं. शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला. आणि तुझा बाप? मान खाली घालून म्हणतो कसा, "मेहनत केली की येतंय." माझ्या कडेवर वाढलेला भाऊ, पण त्या दिवशी त्याच्याकडं बघवेना. एकानं न चालता बघितलं, दुसऱ्यानं न पेरता मिरवलं, आणि सोयरीक जमली गाजरगवतावर.

उपग्रहाला मी नावं ठेवत नाही. त्याच्यामुळं दुष्काळ कळतो, पूर कळतो, हे मी वाचलंय. पण दुर्बीण घेऊन कुणी शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते बघत बसला, तर त्यात दुर्बिणीचा काय दोष! वरून हिरवं ते हिरवं. कापूस का काँग्रेस, ते बघायला खाली उतरून चिखलात पाय घालावा लागतो, आणि याचे बूट पांढरे होते.

तुझ्या विद्यापीठातल्या संशोधनाचा विषय निघाला तर कल्याण म्हणाला, "एक-एक पान काय बघत बसायचं आत्या? आम्ही एका फोटोत तालुका बघतो." गाजरगवत माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. भावाची इज्जत म्हणून चहाबरोबर गिळलं. मंग उषाबाई बोलल्या, "शिकली ते बरंच झालं. आता पुरे. सुपारीच्या आधी ते पानाफुलांचं बंद करून टाका म्हणावं." भारत लगेच हो म्हणाला. दीपमाला, तुझी आई, दारात ताट घेऊन उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

पानाफुलांचं! तुला आठवतं, मी कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची आणि सुट्टीत तू माझ्या मागं यायचीस? दुपारनंतर मादी ओळीतल्या कळ्या सोलायच्या, सकाळी नराचं फूल त्यांच्यावरून फिरवायचं. तिथंच तू विचारलं होतंस, झाडाचं लेकरू आईवर गेलं का बापावर, हे कसं ओळखायचं? मला कुठलं येतंय सांगता! तेव्हापासून मी तुझी पुस्तकं वाचायला लागले, तुझ्या मागोमाग, एक इयत्ता उशिरानं. गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून तू मला हरितलवक समजावलंस. पानातल्या त्या हिरव्या कणांचा वारसा वेगळाच असतो, कापसात तो आईकडूनच उतरतो. बाप कितीही मोठ्या घराण्यातला असो, त्यात त्याचा वाटा नाही. मी एवढी हसले की भारतला वाटलं ठसका लागला.

आता तुझी रोपं उगवायला लागली आहेत. पांढऱ्या चट्ट्यांच्या झाडाला एकदा मादी केलंस, एकदा नर, आणि दोन्हीकडची लेकरं कशी निघतात ते बघायचंय. जी साफ पांढरी निघतील, ती बियातली शिदोरी संपली की माना टाकणार. त्याआधी त्यांची पानं घेतली नाहीत, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे सांगताना तुझा आवाज बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखा लागला होता. लग्न करू नकोस असं मी म्हणत नाही. चांगला भेटला तर बराबर कर, मी पुढं होऊन नाचेन. पण जो पान बघत नाही, तो तुला काय बघणार?

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते. येत्या रविवारी सुपारी ठरवली आहे, तुला न विचारता. नवरदेवासाठी तू येणार नाहीस, हे भारतला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो तुला फोन करणार आहे, की आत्याच्या छातीत कळ आली, जालन्याला दवाखान्यात टाकलंय, जल्दी निघ. मला त्यानं सांगून ठेवलंय, चार दिवस पडून राहा आणि फोनवर बोलू नको. आत्यासाठी तू धावत येशील हे त्याला कळतं, आणि त्याच मायेला त्यानं फास केलाय. पायल, येऊ नकोस. मी ठणठणीत आहे, हे पत्र मी स्वतः चालत जाऊन टाकणार आहे. उद्या मला खरंच काही झालं, तर कुणाचाही फोन मागून दीपमाला तुला कळवील. तिचा फोन आला तरच निघ. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं माझ्या हातातलं पाकीट घेतलं, चुलीजवळ बसली आणि तुझा पत्ता तिनंच लिहिला.

तुझीच, कुठलीही कळ न आलेली,
दैवशाला आत्या